नाशिकमध्ये ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम अभ्यासकांना एकत्र बसवायचं असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या एका महाविद्यालयात शिकवता. ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम अभ्यासकांची एक दिवसाची परिषद घ्यायचं तुमच्या मनात आहे. विषय ठरलाय ‘धर्म आणि विश्वशांती’. सभागृहात दीडशे-दोनशे श्रोते बसतील आणि प्राचार्यांचा होकार आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ज्यू वक्ता कुठून आणायचा, गाझावरून वाद पेटला तर काय करायचं, आणि अशा परिषदांनी खरंच काही साधतं का.

मी इतिहास शिकवत होते. गेली बरीच वर्षं या तीन धर्मांच्या लोकांना एका टेबलाभोवती बसवून एकमेकांचे ग्रंथ वाचण्याच्या बैठका घेते आहे, त्यातल्या बहुतेक नाशिकमध्येच. त्या अनुभवावरून सांगते की तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर ठरलं की पहिले दोन पुष्कळ सोपे होतात.

श्रोत्यांसाठी भरवलेल्या परिषदेत वक्ते श्रोत्यांशी बोलतात. प्रत्येक जण वीस मिनिटं आपल्या धर्मातली शांततेची वचनं सांगतो, टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं, आणि मौलानासाहेब व फादर एकमेकांविषयी सकाळी जेवढं जाणत होते तेवढंच जाणून संध्याकाळी घरी जातात. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न मला असा वाटतो: या माणसांनी एकमेकांशी बोलावं, आणि परिषद संपल्यावरही बोलत राहावं, यासाठी काय करावं लागेल?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमची संस्था कुणाची आहे, व्यवस्थापन वर्तमानपत्रातल्या बातमीकडे कसं पाहतं, निवडणुका जवळ आहेत का, २०२७ च्या सिंहस्थाच्या धामधुमीत सभागृह आणि पोलिसांचा वेळ मिळेल का, हे तुम्हीच पाहायचं. संस्था एखाद्या धर्माशी जोडलेली असेल तर बाकीचे दोघे पाहुणे म्हणून येतील आणि पाहुण्यासारखेच जपून बोलतील. अशा वेळी जागा बदलावी. वाचनालयाचं एखादं दालन चर्च, मदरसा आणि मंदिराचं सभागृह या तिघांपेक्षा नेहमी बरं.

आता इतिहासाकडे वळते, कारण अशा सभा कशाने फसतात ते तिथे स्पष्ट दिसतं. १२६३ साली बार्सिलोनामध्ये राजासमोर एक वाद झाला. एका बाजूला ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेले पाब्लो ख्रिस्तियानी, दुसऱ्या बाजूला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नाहमानिडिस. रब्बींना बोलण्याची मोकळीक मिळाली होती, ते उत्तम बोलले, आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. आपल्याकडे अकबराने १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना, म्हणजे धर्मचर्चेचं दालन, सुरू केला. १५८० मध्ये गोव्याहून रुडॉल्फ अक्वाविवा आणि अँटोनियो मोन्सेरात हे जेझुइट पाद्री तिथे पोहोचले. अकबराची जिज्ञासा खरी होती, यात मला शंका नाही. पण प्रत्येक पंडित, प्रत्येक उलेमा आणि प्रत्येक पाद्री बादशहाकडे पाहून बोलत होता, कारण कौल तोच देणार होता. १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि मिशनरी कार्ल फांडर यांचा जाहीर मुनाजरा (धर्मावरचा वादविवाद) झाला. तिथे कौल गर्दीचा होता. दोन्ही बाजूंनी त्याआधी प्रचंड वाचन केलं होतं, आणि ते सगळं दुसऱ्याला खोटं पाडण्यासाठी खर्ची पडलं.

तिन्ही ठिकाणी विद्वत्ता होती. तिन्ही ठिकाणी समोर कुणीतरी निवाडा करणारंही बसलेलं होतं. आजच्या परिषदेत राजाची जागा प्रमुख पाहुण्याने आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने घेतली आहे. त्या दोघांपुढे कुठलाही शहाणा माणूस ‘हा प्रश्न मलाही पडतो’ असं म्हणणार नाही. आणि ते वाक्य उच्चारलं जात नाही तोवर संवाद सुरू होत नाही.

याउलट १९४७ ची झेलिसबर्गची परिषद पाहा. ज्यूंचं हत्याकांड नुकतंच घडून गेलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या त्या लहानशा गावात ज्यू आणि ख्रिस्ती मंडळी जमली ती एका नेमक्या प्रश्नासाठी: चर्चमध्ये आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत ज्यूंविषयी जे शिकवलं जातं, त्यात द्वेषाला खतपाणी घालणारं काय आहे? जूल इझाक हे फ्रेंच इतिहासकार तिथे होते. त्यांची पत्नी आणि मुलगी नाझींनी मारली होती. त्या बैठकीतून दहा मुद्दे निघाले, प्रवचनात आणि धड्यांत काय टाळावं, काय ध्यानात ठेवावं याचे. येशू ज्यू मातेच्या पोटी जन्मला हे विसरू नका, त्याच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकू नका, अशा स्वरूपाचे. पुढे १९६० मध्ये इझाक पोप तेविसाव्या जॉन यांना भेटले, आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ज्यू, मुस्लिम आणि इतर धर्मांविषयीचं घोषणापत्र मंजूर केलं. एका छोट्या बैठकीपासून कॅथलिक चर्चची शिकवण बदलण्यापर्यंत अठरा वर्षं गेली. परिषदांनी काय साधतं, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. प्रश्न नेमका होता, माणसं तयारीने आली होती, आणि निघालेलं काम कुणीतरी पुढे चालवत राहिलं.

अशी आणखीही उदाहरणं आहेत. ऑक्टोबर २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना जाहीर पत्र लिहिलं आणि ईश्वरावर प्रेम व शेजाऱ्यावर प्रेम या दोन आज्ञांपासून बोलणं सुरू करू या असं सुचवलं. कतारमध्ये दोह्याला तिन्ही धर्मांच्या अभ्यासकांच्या परिषदा भरत आल्या आहेत आणि त्यासाठी कायमचं केंद्रही उभं राहिलं. पण तुम्ही दोह्याच्या नकाशावर नाशिकचं घर बांधू नका. तिथे राज्याचा पैसा आणि राज्याचं आमंत्रण असतं. आपल्याकडे त्याहून मोलाची एक गोष्ट आहे: इथले तिघेही मराठीत भांडू शकतात आणि मराठीत समजूत काढू शकतात.

मी वापरते ती पद्धत साधी आहे. १९९० च्या दशकात पीटर ऑक्स हे ज्यू तत्त्वज्ञ आणि डेव्हिड फोर्ड व डॅनियल हार्डी हे अँग्लिकन धर्मशास्त्रज्ञ यांच्या आसपासच्या मंडळींनी ती रुजवली, आणि लवकरच मुस्लिम अभ्यासक त्यात आले. तिन्ही परंपरांतले एकाच विषयावरचे छोटे उतारे घ्यायचे. सहा ते नऊ जण बसतील एवढंच टेबल. प्रत्येक उताऱ्याची ओळख ज्याची परंपरा त्याने पाच मिनिटांत करून द्यायची, आणि मग प्रश्न कुणीही विचारायचे. भाषण नाही, अध्यक्ष नाही, ठराव नाही. कुणीही आपल्या समाजाचा प्रतिनिधी नाही. प्रत्येक जण स्वतःच्या वतीने बोलतो.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका उताऱ्यावरून सांगते, कारण पहिल्या बैठकीसाठी मी तुम्हालाही हाच सुचवणार आहे. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा अठरावा अध्याय. भर दुपारी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय. तीन पुरुष दिसतात. तो धावत जातो, पाय धुवायला पाणी मागवतो, सारा पीठ मळते, कोवळं वासरू रांधलं जातं. दही, दूध आणि मांस पुढे ठेवून तो झाडाखाली उभा राहतो आणि पाहुणे जेवतात. आता कुराणात सूरह (अध्याय) हूद, आयत ६९ पासून. तेच पाहुणे, तसाच धावपळ करणारा यजमान इब्राहीम, भाजलेलं वासरू. पण पाहुण्यांचा हात अन्नाकडे जात नाही, आणि इब्राहीमच्या मनात भीती दाटते. सूरह जारियातमध्ये, आयत २४ पासून, हाच प्रसंग पुन्हा येतो आणि तिथे तो विचारतो, ‘तुम्ही खात का नाही?’ नव्या करारातून इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय घ्यायचा. त्यात एकच ओळ आहे: पाहुणचार विसरू नका, त्यामुळे कित्येकांनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला आहे.

पाहुणे जेवले की नाही? टेबलावर हा प्रश्न आपोआप उभा राहतो. मुस्लिम सहभागी सांगतात की फरिश्ते खात नाहीत आणि पाहुण्याने अन्नाला हात न लावणं हे वैराचं लक्षण मानलं जाई, म्हणून भीती. तेव्हा ज्यू सहभागी सांगतात की तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातही असंच म्हटलंय, देवदूतांनी जेवल्यासारखं दाखवलं. ख्रिस्ती मंडळी सांगतात की त्यांच्या परंपरेने या तिघांत त्रैक्याची सावली पाहिली. रशियन चित्रकार आंद्रेय रुब्लेवने पंधराव्या शतकात त्याचंच प्रसिद्ध चित्र काढलं. इथे मुस्लिम आणि ज्यू दोघेही अस्वस्थ होतात, आणि तसं बोलूनही दाखवतात. मग कुणीतरी विचारतं, दूध आणि मांस एकत्र कसं वाढलं? बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यूंच्या घरात तर ते चालत नाही. त्यावर ज्यू भाष्यकारांनी दिलेली उत्तरं निघतात: आधी दूध वाढलं आणि मग मांस, किंवा तोरा (मोशेचं धर्मशास्त्र) तोवर मिळालेलीच नव्हती. पुढे सारा हसते. ती उत्पत्तीतही हसते आणि सूरह हूदमध्येही हसते. का हसली यावर एका बैठकीत बायकांचं आपापसात जे बोलणं झालं, ते मी कुठल्याच भाष्यात वाचलेलं नव्हतं. वय उलटून गेल्यावर मूल होणार हे ऐकून येणाऱ्या हसण्यात आनंद किती आणि कडवटपणा किती, यावर तीन धर्मांच्या तीन स्त्रिया एकमेकींना आपल्या ओळखीतल्या बायकांबद्दल सांगत होत्या.

या सगळ्यात मतभेद लपले नाहीत, हे लक्षात घ्या. आपल्याकडे सूत्रसंचालक सुरुवातीलाच ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ असं म्हणतात. हेतू चांगला असतो, पण त्या वाक्याने दार बंद होतं. ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र मानतो. मुस्लिम त्याला थोर पैगंबर मानतो आणि पुत्रत्व साफ नाकारतो. ज्यू त्याला मसीहा मानत नाही आणि कुराणाला ईश्वरी वचनही मानत नाही. हे बोलता आलं पाहिजे आणि बोलून झाल्यावर चहा पिता आला पाहिजे. आपलं सत्य धरून ठेवण्याची मुभा प्रत्येकाला हवीच. मनाई एकाच गोष्टीला: टेबलावर कुणी कुणाला आपल्या धर्मात ओढायचं नाही. नाशिकमध्ये हे आधी स्पष्ट सांगावं लागतं. धर्मांतर ही इथे पुस्तकातली गोष्ट नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्याने घरावर काय ओढवलं ते त्यांच्या पत्नी, जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. ती जखम ख्रिस्ती माणसाला एका बाजूने माहीत असते आणि त्याच्या शेजाऱ्याला दुसऱ्या बाजूने.

आणखी एक नियम मी सोडत नाही: उताऱ्यानंतरची ओळही वाचायची. ‘एक जीव वाचवणारा साऱ्या मानवजातीला वाचवतो’ हे वचन परिषदांमध्ये फार आवडतं. ते मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात, सनहेद्रिन या भागाच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि कुराणात सूरह माइदाच्या ३२ व्या आयतीत ‘बनी इस्राईलसाठी (इस्राएलच्या वंशजांसाठी) आम्ही ठरवून दिलं’ अशा शब्दांत येतं. दोन ग्रंथ इतके जवळ आलेले क्वचित दिसतात. पण त्याच सूरहची ३३ वी आयत कडक शिक्षांची आहे. आणि मिश्नाच्या काही हस्तलिखितांत ‘इस्राएलमधला एक जीव’ असं मर्यादित वाचन आहे. हे दोन्ही टेबलावर आलं पाहिजे, आणि ते ज्याचा ग्रंथ त्याने आणावं. असा माणूस आपला अवघड भाग स्वतःहून पुढे ठेवतो तेव्हा समोरचाही आपला काढतो. विश्वास इथूनच वाढतो, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या विषयाबद्दल स्पष्ट बोलते: ‘विश्वशांती’ सोडा. त्यावर कुणाचंच दुमत नसतं, म्हणून कुणी काही शिकतही नाही. त्याऐवजी नाशिकचाच एक विषय सुचवते. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये शरणपूर वसवलं. हिंदी महासागरात अरबी गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या आफ्रिकन असायलममध्ये (आश्रयगृहात) ठेवली जात. सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख त्यांना इथे मिळाली. त्यांतले काही ‘नासिक बॉइज’ म्हणून डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या मोहिमांत गेले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीतही तो होता. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या तुमच्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत असेल?

आता या इतिहासासमोर तिन्ही ग्रंथ ठेवा. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात इब्री दासाला सातव्या वर्षी मोकळं करण्याचा नियम आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात त्याला रिकाम्या हाताने पाठवू नको, तूही मिसरात दास होतास हे आठव, असं सांगितलंय. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात पौल पळून आलेल्या अनेसिमाला परत पाठवतो आणि त्याला भाऊ म्हणून स्वीकार म्हणतो, पण दासप्रथा संपव असं म्हणत नाही. कुराणात सूरह बलदमध्ये कठीण चढणीची वाट कुठली, तर गुलामाची मान मोकळी करणं आणि भुकेच्या दिवशी अन्न देणं. सूरह नूरच्या ३३ व्या आयतीत मुक्तीचा करार मागणाऱ्या गुलामाला तो द्यावा असं आहे. तिन्ही ग्रंथांनी गुलामी पाहिली, तिला बांध घातले, आणि ती तरीही शतकानुशतकं चालली. अटलांटिक महासागरावर ख्रिस्ती व्यापारी होते, हिंदी महासागरावर मुस्लिम व्यापारी होते, आणि शरणपूरच्या मुलांना सोडवणाऱ्यांनी त्यांची नावं आणि धर्मही बदलले. इथे एकच समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही, म्हणून सगळे मोकळे बोलतात. ज्यू सहभागी १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी-हिब्रू हगादा दाखवू शकतील. वल्हांडणाच्या रात्री मिसरातल्या दास्याची कथा वाचायची ती पोथी. तिच्यातल्या एका चित्रात साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात.

दास्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात जातीचा निघणारच, आणि तो थांबवू नका. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला याच शहरात सुरू झाला, आणि ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही बाबासाहेबांची घोषणा १९३५ मध्ये याच जिल्ह्यात येवल्याला झाली. तुमच्या श्रोत्यांतला एखादा आंबेडकरवादी विद्यार्थी उठून विचारेल की तुमच्या तिन्ही धर्मांत इथे जात टिकली की नाही. खरं उत्तर ‘टिकली’ असं आहे. ख्रिस्ती समाजात ती विवाह जुळवताना दिसते, मुस्लिमांत बिरादऱ्यांत दिसते, आणि बेने इस्राएलांतही गोरे-काळे असा भेद होता. ज्या बैठकीत हा प्रश्न टाळला गेला, तिथे पुढच्या वेळी तरुण आले नाहीत. ‘यात हिंदू का नाहीत’ हाही प्रश्न येईल. माझं उत्तर असं असतं की ही तीन परंपरांची अब्राहाम या एका पूर्वजाभोवतीची बैठक आहे. बाकीच्यांनी ऐकायला आणि शेवटच्या तासात विचारायला जरूर यावं. ते येतात, आणि त्यांचे प्रश्न बहुधा सगळ्यांत ताजे असतात.

आता ज्यू सहभागींविषयी. नाशिकमध्ये सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) नाही. आपल्याला जवळचं म्हणजे ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळचं. ज्यू म्हटल्यावर तुम्ही बहुधा परदेशी प्राध्यापकाचा विचार करत असाल. तो सोडून द्या. बेने इस्राएल हे आपलेच, कोकणातले. पेणकर, किहीमकर, दिवेकर, रोहेकर अशी आडनावं. तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले, आता मुंबई, ठाणे, पुणे आणि अलिबागच्या बाजूला मिळून काही हजार उरले आहेत. राज्य सरकारने त्यांना २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यांच्यात एक कथा सांगतात. सॅम्युएल दिवेकर इंग्रजांच्या सैन्यात असताना टिपू सुलतानच्या कैदेत पडले. हे बनी इस्राईल आहेत, यांचं नाव कुराणात आहे, म्हणून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. ही परंपरेने चालत आलेली कथा आहे आणि मी ती तशीच सांगते. मुस्लिम सहभागींना ती पहिल्यांदा ऐकताना पाहणं फार आनंदाचं असतं.

पण एक जबाबदारी तुमच्यावर येते. खोलीत दोनच ज्यू असतील तर सगळे प्रश्न त्यांच्याकडे वळतात आणि ते दमून जातात. त्यांच्याकडे पुरोहितवर्ग नाही, प्रार्थना चालवणारे हजान असतात आणि बाकी जाणकार म्हणजे निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, घरात पोथ्या जपलेल्या बायका. त्यांना ‘रब्बी’ समजून सगळ्या ज्यू परंपरेचा जाब विचारू नका. तालमूदचा उतारा लागणार असेल तर तो त्यांना महिनाभर आधी पाठवा. दोघांना तरी बोलवा. एकट्याला कधीच नको.

हेच बाकीच्या दोन बाजूंनाही लागू आहे. मालेगावच्या मदरशांत तयार झालेला आलिम (इस्लामी धर्मपंडित), महाविद्यालयात इस्लामी इतिहास शिकवणारी प्राध्यापिका, पुण्याच्या सेमिनरीत शिकलेले पाळक आणि नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत सेवा करणारे कॅथलिक फादर, या चौघांची विद्या चार प्रकारची आहे. पदवी पाहून बोलावलंत तर आलिम सुटतील, पोशाख पाहून बोलावलंत तर प्राध्यापिका सुटतील. दोघेही हवेत. मुस्लिमांत बरेलवी, देवबंदी, अहले हदीस; ख्रिस्तींत कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, पेन्टेकोस्टल: यांतल्या कुणा एकालाच सतत बोलावलं की बाकीचे ही बैठक त्यांची म्हणून बाजूला होतात. शक्य तिथे दोन धारा ठेवा.

गाझाबद्दल. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर हा प्रश्न टाळून कुठलीही बैठक होत नाही, आणि टाळूही नये. कुणाचे नातेवाईक इस्रायलमध्ये अश्दोदला किंवा बीरशेबाला आहेत, कुणी मोबाइलवर रोज मेलेली मुलं पाहून रात्री झोपलेलं नाही. गाझामध्ये लहानसा ख्रिस्ती समाजही आहे. मी सुरुवातीलाच एक फेरी घेते: प्रत्येकाने आपल्याला कुणाची काळजी वाटते तेवढंच सांगायचं आणि त्यावर कुणी उत्तर द्यायचं नाही. ठाण्याच्या बेने इस्राएल आजोबांनी इस्रायल सरकारचा जाब द्यायचा नाही, जुन्या नाशकातल्या मौलानांनी हमासचा द्यायचा नाही. हे मी आमंत्रण देतानाच फोनवर सांगते. तरीही आवाज चढला तर थांबवून नमाजेची किंवा चहाची सुट्टी घ्यावी आणि परत उताऱ्याकडे यावं. एखाद्याला त्या महिन्यात यायचंच नसेल तर त्याला आग्रह करू नका, पुढच्या बैठकीचं आमंत्रण मात्र न चुकता पाठवा. संयुक्त निवेदन काढण्याचा मोह टाळा. निवेदनाच्या एका शब्दावरून तुटलेले संबंध जोडायला फार वेळ लागतो.

व्यवस्थेच्या गोष्टी भराभर सांगते. वार रविवारच. शुक्रवारी जुम्मा, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ज्यूंचा शब्बाथ (विश्रांतीचा दिवस), आणि रविवारी सकाळी चर्चची उपासना. म्हणून साडेअकराला सुरुवात, दीडला जोहरची (दुपारची) नमाज आणि जेवण, साडेचारला समाप्ती. ठाण्याचे पाहुणे सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने येऊन संध्याकाळच्या तपोवनने परत जाऊ शकतात. नमाजेसाठी खोली आणि वजूसाठी (नमाजेआधी हातपाय धुण्यासाठी) पाणी आधी पाहून ठेवा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका. ज्यूंचे मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि वल्हांडण मार्च-एप्रिलमध्ये येतो. जेवण शाकाहारी ठेवलं की कोशेर (ज्यूंचे आहारनियम) आणि हलाल हे दोन्ही प्रश्न बहुतेक मिटतात, फक्त प्राणिजन्य जिलेटिनची मिठाई आणू नका आणि भांडी वेगळी लागतील का हे विचारून घ्या. मोबाइल टोपलीत. फोटो शेवटी एकच, आणि तोही सगळ्यांच्या परवानगीने. जाहीर कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्याला पत्र द्या.

तर तुमच्या परिषदेचं काय करायचं? रद्द करू नका, उलटी करा. प्राचार्यांना सांगा की जाहीर सभा वर्षाच्या शेवटी होईल. त्याआधी आठ-नऊ जणांच्या चार बैठका घ्या, दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने, शक्यतो त्याच माणसांच्या. पहिली इब्राहीमच्या पाहुण्यांवर, दुसरी ‘एक जीव’ या वचनावर, तिसरी आणि चौथी शरणपूर आणि गुलामीवर. शेवटच्या सभेत वक्त्यांना आपल्या धर्माबद्दल बोलू देऊ नका. प्रत्येकाने दुसऱ्याच्या ग्रंथातून आपल्याला काय कळलं ते सांगावं, आणि ज्याचा ग्रंथ आहे त्याने समोर बसून ते ऐकावं, हवं तिथे दुरुस्त करावं. दीडशे विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखं काही असेल तर ते हे आहे.

खर्च फारसा नाही: प्रवासभाडं, जेवण आणि झेरॉक्स. अवघड आहे ते फोन करणं. आमंत्रणपत्रिका पाठवून कुणी येत नाही; आधी घरी जाऊन बसावं लागतं, कधी दोनदा. तुमची तारीख आणि साधारण कोण येणार ते ठरलं की इथेच लिहा. त्या माणसांना कुठले उतारे जमतील आणि कुठल्यांना थोडं थांबावं, ते मी सांगेन.